तारेनं बांधलेली फटफटी

कशेळ्याच्या नाक्यावर धाकलूचं फटफटी दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बांबू, वर पत्रा आणि खाली तेलानं काळी पडलेली जमीन. तरणेपणी तो मुंबईत विमानांच्या वर्कशॉपात मदतनीस होता. तिथून एक विद्या घेऊन आला. बोल्टच्या डोक्याला बारीक भोक पाडायचं, त्यातून स्टीलची तार ओवून पीळ द्यायचा आणि टोक अशा बाजूनं बांधायचं, की बोल्ट सुटायला लागला तर तारच त्याला उलट आवळेल. धाकलू फटफटीला गंडा बांधतो, म्हणून गाव हसायचं. पण त्यानं तार लावलेला बोल्ट कधी पडला नाही.

बायको लवकर गेली. एकुलती लेक जया रसायनीला दिली, कारखान्यात कामाला असलेल्या सदूला. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही जुनी रीत. मग जायचं तरी कसं? आणि सासू जयाला सणाशिवाय माहेरी धाडत नसे. बाप-लेकीची भेट उरली ती जावयाच्या फटफटीवर.

फटफटी मात्र गुणाची. महिन्या-दोन महिन्यांनी तिचा सायलेन्सर खडखडायचा, की सदू बायकोला मागं बसवून हजर. दुसऱ्या मिस्त्रीवर त्याचा विश्वास नव्हता, आणि सासरा फुकट करतो हेही खरंच. धाकलू बोल्ट आवळून द्यायचा. साऱ्या तालुक्याच्या गाड्यांना तार लावणारा हा बाबा जावयाच्या गाडीला तेवढी लावत नसे. का, ते त्यानं स्वतःलाही कधी विचारलं नाही.

एकदा भात पोटरीला आलं असताना दोघं टेंपोतून आली, फटफटी मागं आडवी टाकून. चौकच्या पुढं उतारावर ब्रेकनं दगा दिला आणि गाडी खाचरात गेली. चिखल मऊ होता म्हणून निभावलं. जयाचं कोपर तेवढं सोलवटलं होतं. धाकलूनं वाकून पाहिलं, तर मागच्या ब्रेकच्या दांडीचा बोल्टच जागेवर नव्हता.

सदू चहाला गेला, तशी जया बापाजवळ येऊन बसली.

"बाबा, मीच ढिला केला. सायलेन्सरचाच समजले. दरवेळी तोच करते."

तिच्या एक मुस्काटात द्यावी, की तिला पोटाशी धरावं, हे धाकलूला कळेना. रागवायला त्याला तोंडही नव्हतं.

"मी तरी कुठं तार लावली गं," तो म्हणाला.

त्यानं गाडीचा एकेक बोल्ट काढून भोक पाडलं, तार ओवली, पक्कडीनं पीळ दिला. जया बघत राहिली.

"एक तरी ऱ्हाऊ द्या, बाबा."

"नाय बाय. एकबी नाय."

दिवाळी झाली. शिमगाही गेला. दोन्ही सणांना सासूनं काही ना काही निमित्त काढलं. मग एक टेंपोवाला सदूचा निरोप घेऊन आला, की गाडी फर्मास चाललीय, आता तिकडं यायची गरजच पडत नाही. धाकलूनं त्याला चहा पाजला. लेक काय म्हणाली, हे विचारायला त्याला फार वेळ लागला.

"ताई काय बोलल्या नाय," टेंपोवाला म्हणाला. "निघताना इचारलं, कर्जतवरनं कशेळ्याची यष्टी कवा सुटते."

त्या दिवसापासून धाकलू प्रत्येक एसटीला हातातलं काम टाकून नाक्यावर जाऊन उभा राहू लागला. बाजारकरी उतरायचे, कोंबड्या उतरायच्या, भाताची पोती उतरायची. जया काही उतरली नाही.