वर्षावासाचं लाइव्ह वाचन

मला मोबाइलचा राग येतो, हे आमच्या घरात आता सगळ्यांना पाठ झालंय. मी चष्मा लावून फोन हातात घेतला की सून स्वयंपाकघरातूनच विचारते, "काय झालं आता?" काहीतरी झालेलंच असतं. आवाज गेलेला असतो, नाहीतर अक्षरं मुंगीएवढी झालेली असतात, नाहीतर नको त्याला फोन लागलेला असतो आणि पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत असतो. मग मुलगा फोन माझ्या हातातून घेतो, अंगठ्यानं चार ठिकाणी टिचक्या मारतो आणि "झालं" म्हणून परत देतो. काय झालं ते सांगत नाही. विचारलं तर म्हणतो, "आई, परवा सांगितलं होतं ना." मी जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर पहिलीचा वर्ग शिकवला. पोराचा ग उलटा निघाला म्हणून त्याची पाटी हिसकावून मीच काढून दिला, असं कधी केलं नाही. पण हे मुलाला सांगायची सोय नाही. लगेच म्हणणार, "सुरू झालं हिचं."

ही चिडचिड घरापुरती होती तोवर निभावलं. यंदा ती विहारात पोचली.

पुंडलिकनगरात आमच्या गल्लीच्या टोकाला छोटं बुद्धविहार आहे. वर्षावासाचे तीन महिने, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, तिथं रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. बायका पांढरी साडी नेसून येतात, त्रिसरण-पंचशील होतं, मग कुणीतरी ग्रंथ वाचतं आणि शेवटी सगळ्या मिळून साधू, साधू, साधू म्हणतात. हे कुणीतरी म्हणजे कित्येक वर्षं मीच. पौर्णिमेच्या आधी विहाराच्या महिला मंडळाची एक बाई पांढऱ्या कापडात बांधलेला ग्रंथ घेऊन घरी यायची. जय भीम घालायची आणि "बाई, यंदा बी तुम्हीच" म्हणायची. मी एकदा "दुसऱ्या कुणाला द्या की" म्हणायचे आणि दोन्ही हातांनी तो घ्यायचे.

माझी मैत्रीण वाचनाला बरोब्बर माझ्यासमोर बसायची. ती चितेगावच्या कंपनीत पॅकिंगला होती. शाळा लवकर सुटलेली, वाचणं जेमतेम, पण डोकं तल्लख. वाचताना जड शब्द आला की ती सरळ विचारायची, "म्हंजे काय गं?" मी थांबायचे, चष्मा काढायचे, सांगायचे. ती म्हणायची, "मग आपल्या घरात असं का होत नाय?" मग दुसरी कुणी सासूचं उदाहरण द्यायची, तिसरी तिला खोडून काढायची आणि पान तिथंच राहायचं. कधी कधी सगळी संध्याकाळ अर्ध्या पानावर जायची. खरं सांगायचं तर मी तिच्यासाठीच वाचायचे. तिला समजेल असं सांगता आलं नाही, तर ते मलाच समजलेलं नसायचं.

या उन्हाळ्यात तिच्या गुडघ्यांनी पार जवाब दिला. मुलाकडे तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. खाली उतरणंच बंद झालं.

आणि यंदा ग्रंथ घेऊनही कुणी आलं नाही. विहाराच्या ग्रुपवर मेसेज आला होता, "वाचनासाठी इच्छुकांनी आपलं नाव टाकावं." मी वाचला होता. आपलं नाव आपणच टाकायचं? ग्रंथ वाचायला बोलावतात, अर्ज करत नाहीत, असं मला वाटत होतं. येतील विचारायला, म्हणून मी गप्प बसले. पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात गेले, तर माझ्या जागेवर दुसरीच बाई बसलेली आणि तिच्यासमोर तिवईवर एक मोबाइल.

मंडळाची नवी सचिव बँकेत नोकरीला आहे. पोरगी कामसू आहे, वाईट नाही. म्हणाली, "मावशी, ग्रुपवर टाकलं होतं. तुम्ही बघितल्याचं पण दिसलं मला."

"बघितलं होतं."

"मग काहीच बोलला नाहीत. आम्हाला वाटलं, तब्येतीमुळं नको असेल यंदा."

माझ्या तब्येतीला काय धाड भरलीय, असं अगदी ओठांवर आलं होतं. चार घरं सोडून राहते ही. येता-जाता फाटकातून हाक मारली असती तर काय बिघडलं असतं? मी बघितलं ते हिला बँकेत बसून दिसलं, पण मी वाट बघत होते ते दिसलं नाही.

पुढं ती म्हणाली, "आता आपण फेसबुकवर लाइव्ह करतोय. ज्यांना येणं होत नाही त्यांना घरी बसून ऐकता येईल." मी भांडायच्या तयारीत होते, पण मैत्रिणीचे गुडघे डोळ्यांसमोर आले. राग गिळला आणि म्हटलं, "पुढच्या आठवड्यापासून मी वाचते."

मैत्रिणीला फोन करून सांगितलं. ती एवढी खूश झाली की मला माझाच राग फुकटचा वाटला. तिच्या मुलानं तिला लाइव्ह कसं लावायचं ते शिकवलं. म्हणजे माझा मुलगा मला शिकवतो तसंच शिकवलं असणार.

वाचायला बसले तर तिवईवरच्या मोबाइलमागून गोल दिवा सरळ डोळ्यांत. सचिवबाईंनी सांगितलं, "मावशी, बायकांकडं नका बघू, इथं बघा." इथं म्हणजे एका काळ्या ठिपक्याकडं. समोर मोजक्याच बायका, बाकीच्या आता घरूनच ऐकतात. ज्यांचे गुडघे धडधाकट आहेत त्याही घरूनच. समोरच्यांतल्या एकीनं मध्येच काही विचारलं, मी सवयीनं चष्मा काढला, तर सचिवबाईंनी लांबून बोट गोल फिरवलं, पुढं चला. नंतर म्हणाली, "मध्ये थांबलं की लोक निघून जातात." कुठं निघून जातात? घरातच तर बसलेत. वाचून झाल्यावर साधू, साधू म्हणणारे आवाज किती कमी झालेत ते ऐकूनच मन उतरलं. तिनं फोन माझ्यापुढं धरला आणि त्यात वर वर जाणारे बदाम आणि पिवळे जोडलेले हात दाखवले. "किती प्रतिसाद आहे बघा." मला त्यातून एकाही बाईचा आवाज ऐकू येईना.

तरी मी रोज गेले. न थांबता वाचायला शिकले. कुणाला काही विचारायचं असेल तर नंतर विचारा, असं आधीच सांगून टाकायला लागले. सचिवबाई म्हणायची, "तुमची मैत्रीण रोज असते हं, त्यांच्या मुलाच्या नावानं." एवढ्यावर मी तो दिवा आणि तो ठिपका सहन करत होते.

पण मैत्रीण फोनवर तुटक बोलायला लागली. "ऐकतेस ना?" विचारलं तर "व्हय, ऐकायले." "समजतंय?" तर नुसतं "हं." मग फोन उचलणंच कमी झालं. मला वाटलं, दुखणं वाढलं असेल. तिचा जिना चढायचा माझाही जीव नाही आता, म्हणून जाणं लांबत गेलं.

एका संध्याकाळी भंतेजींचं प्रवचन होतं, मला सुट्टी होती. धापा टाकत जिना चढले. तिच्या सुनेनं दार उघडलं. आत मैत्रीण खुर्चीवर बसलेली. स्वच्छ पांढरी साडी, डोक्यावर पदर, हात जोडलेले. समोर टेबलावर स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवलेला मोबाइल आणि त्यात भंतेजी. तिनं माझ्याकडं पाहिलं, "ये" म्हणाली, "बस" म्हणाली नाही.

मी आपणच बसले. "घरात एवढं नेसून बसलीस?"

"मग काय गाऊनवर बसू भंतेजींच्या म्होरं?"

"अगं, त्यांना तू कुठं दिसतेस?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "पुण्याची लेक फोन करती तवा दिसते की मी तिला. केस का नाय इंचरले म्हणून वरडती बी."

"ते वेगळं असतं. हे वेगळं." काय वेगळं असतं ते मलाही धड सांगता येईना. मलाही कुणी सांगितलं नव्हतं, विहारात तिवईपलीकडं बसल्यावर माझं मला कळलं होतं.

"म्हंजे वाचताना तुला मी दिसत नव्हते?"

"नाही गं."

"आवाज?"

"आवाजपण नाही."

तिनं हात मांडीवर ठेवले. भंतेजी बोलत होते, तिकडं आमचं दोघींचं लक्ष नव्हतं. "रोज इचारायले मी," ती म्हणाली. "पयल्या दिवसापासनं. मोठ्यानं बी इचारून बघितलं. तू एकदा बी थांबली नाहीस. डोळे माझ्याकडंच, अन् वाचणं चालूच."

मला सगळ्यांचाच संताप आला. तिच्या मुलाचा, माझ्या मुलाचा, त्या कामसू सचिवबाईचा, ज्यांनी टिचक्या मारून "झालं" म्हटलं त्या सगळ्यांचा. आणि न थांबता वाचायला शिकले म्हणून माझा. "काय विचारलं होतंस?" मी म्हटलं. "सांग, आत्ता सांगते मी."

"आता काय आठवायलंय."

"मग तेव्हाच फोन करून भांडायचं होतंस माझ्याशी. अशी कधी गप्प बसलीयस का तू?"

तिनं पदर सारखा केला. "भांडू कशाला? मला वाटलं, लई लोकं बघायलेत आता तिला. त्यात मी कशाला दिसन."