वन्संचा कंप्युटरातला कंप्युटर

कंप्युटरवर ‘मान्य आहे’ हे बटण दाबण्याआधी वरचा करार शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारं माणूस अख्ख्या मुंबईत एकच असेल, आणि ते म्हणजे माझी थोरली नणंद. वन्संची सगळी नोकरी फोर्टातल्या एका सॉलिसिटरच्या ऑफिसात टायपिंग करण्यात गेली. गिरगावात दोन खोल्यांत एकट्या राहतात, आणि न वाचता सही करणाऱ्या माणसाशी शक्यतो बोलत नाहीत. म्हणजे जवळजवळ कोणाशीच नाही. एकदा लग्नाला निघताना माझ्या मुलाने त्यांच्या फोनवर टॅक्सीचं अ‍ॅप टाकायला घेतलं, तर त्यांनी फोन काढून घेतला, चष्मा लावला आणि अटी वाचायला बसल्या. मुहूर्त टळला, आम्ही थेट जेवायलाच पोचलो. “फोनमधली सगळी नावं मागत होते,” पानावर बसल्यावर त्या म्हणाल्या. “मी नाही दिली.” मुहूर्त चुकल्याची खंत चेहऱ्यावर औषधालाही नव्हती.

निवृत्तीनंतर त्या दादरच्या एका छोट्या संस्थेत अंधांसाठी मराठी पुस्तकं ब्रेलमध्ये उतरवू लागल्या. टाइप केलेला मजकूर ठिपक्यांत बदलणारा प्रोग्रॅम जुनाट. तो लिहिणारे गृहस्थ केव्हाच वारले, आणि तो चालायचा एका बड्या कंपनीच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवरच. एक दिवस संस्थेचा कंप्युटर बंद पडला तो पडलाच, आणि नव्यावर प्रोग्रॅम चालेना. नेमका एका कादंबरीचा शेवटचा भाग राहिला होता. काळाचौकीच्या एक बाई, आयुष्यभर गाणं शिकवून उतारवयात दृष्टी गेलेल्या, फोन करकरून विचारायच्या, “ती परत माहेरी गेली का, एवढं तरी सांगा हो.” वन्सं सांगायच्या नाहीत. “वाचाल तेव्हा कळेल,” म्हणायच्या.

दुरुस्तीवाला म्हणाला, “मॅडम, जुनी सिस्टिम पेनड्राइव्हवर आहे माझ्याकडे. टाकून देतो. कोण बघतंय?”

“मी बघतेय ना,” वन्सं म्हणाल्या आणि चहा पाजून त्याला वाटेला लावलं.

मग त्या स्वतःच शिकल्या. नव्या कंप्युटरच्या पोटात सॉफ्टवेअरने दुसरा कंप्युटर उभा करता येतो, त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आतल्याला आपण आत आहोत याचा पत्ताही नसतो. पण त्यालाही सिस्टिम रीतसर विकत घेतलेलीच लागते. संस्थेची प्रत मेलेल्या कंप्युटरबरोबर आलेली, करारानुसार त्याच्याशीच बांधलेली. वन्संच्या घरी मात्र त्याच जुन्या सिस्टिमची दुकानातून वेगळी विकत घेतलेली प्रत होती, खोक्यासकट. ती एका यंत्रावरून काढून दुसऱ्यावर न्यायला परवानगी होती, मग ते खरं असो की आभासी. एका वेळी एकच. घरचा म्हातारा कंप्युटर पत्त्यांच्या खेळापलीकडे काही झेपणारा नव्हता. वन्संनी त्याच्यावरची सिस्टिम पुसली आणि खोकं पिशवीत घालून दादर गाठलं, तिथल्या नव्या कंप्युटरच्या पोटात ती चढवली. रोज संध्याकाळी त्या घरच्या कंप्युटरवर पत्ते खेळायच्या, ते मी ओळखून होते. विचारलं तर म्हणाल्या, “नाहीतरी मी हरतच होते.”

हे कुणीतरी अध्यक्षांच्या कानावर घातलं. शिवाजी पार्कला फेऱ्या मारणारे, निवृत्त अधिकारी, स्वभावाने घाबरट. त्यांनी वन्संना बैठकीत बोलावलं. मी सोबत गेले होते, दाराशी बसले.

“एका कंप्युटरात दोन, म्हणजे चोरीच की, ताई,” अध्यक्ष म्हणाले. “कंपनी दावा लावेल. आजच बंद करा.”

“कुठल्या कलमाने?”

“कलमाचा प्रश्न नाही. संस्थेच्या नावाचा आहे.”

वन्संनी खोकं टेबलावर ठेवलं. “हे माझं. घरचं पुसून इथे आणलंय, करारात बसतं म्हणून आणलंय. आता तुमच्या ऑफिसातल्या कंप्युटरांची खोकी दाखवा.”

खजिनदारांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि बराच वेळ पीत राहिले. ऑफिसातल्या सगळ्या सिस्टिम त्याच पेनड्राइव्हवाल्याने टाकलेल्या होत्या.

“आज विषय तो नाहीये,” अध्यक्ष पुटपुटले.

“माझा तोच आहे. बोलवा कंपनीला. माझं उत्तर मी देईन, तुमचं तुम्ही द्या. आणि तोवर मी हे बंद करणार नाही. एक बाई पुस्तकासाठी खोळंबल्यात.”

कंपनीला कोणी बोलावलं नाही. विषय पुढच्या बैठकीवर गेला, वन्सं मात्र तडक आपल्या टेबलाशी गेल्या. पुढे ऑफिसातल्या कंप्युटरांवर रीतसर फुकट मिळणारी सिस्टिम घालायचं ठरलं, आणि ती घालायला बोलावलं वन्संनाच. त्यांनी आधी तिच्याही अटी वाचल्या. तोवर अध्यक्ष ताटकळत उभे.

शेवटचा भाग छापून झाला तेव्हा आम्ही दोघी काळाचौकीला गेलो. बाईंनी बाड मांडीवर घेतलं आणि आम्हाला बसा म्हणायचंही विसरून, पानावर बोटं फिरवत मोठ्याने वाचायला लागल्या. गाणाऱ्या बाई त्या. साधं वाक्यसुद्धा सावकाश, जागा घेत म्हणायच्या. त्यातला शब्द न् शब्द वन्संनीच टाइप केलेला, तरी त्या पहिल्यांदाच ऐकत असल्यासारख्या बसून होत्या. घरातल्या कुणी आणून ठेवलेल्या चहावर साय धरली. नायिका माहेरी गेली नाही, तिथे बाई थांबल्या, आणि वन्संनी हळूच डोळे पुसले.

परतताना चिंचपोकळीपर्यंत चालत आलो. स्टेशन दिसायला लागलं तशा वन्सं थांबल्या.

“मला कधी कुणी वाचून दाखवलं नव्हतं गं,” म्हणाल्या, आणि पदर सारखा करून पुढे चालायला लागल्या.