साडूच्या डोंगरावरची कॉफी

माणसाला साडू असू नये, आणि असलाच तर त्याने नोकरी सोडून सुखी होऊ नये, असं माझं मत आहे.

माझा साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, आणि मी इथे दोहात एकाच गॅस प्लँटमध्ये होतो. पहाटे एकाच बसमध्ये शेजारी बसून घोरायचो. सहा वर्षांपूर्वी त्याने राजीनामा दिला आणि प्लँटमधल्या एका बालीच्या मित्राबरोबर तिथल्या ज्वालामुखीच्या उतारावर कॉफी लावायला निघाला. मी सगळ्या नातेवाइकांत जाहीर केलं, "सहा महिन्यांत परत येतो की नाही बघा." त्याच्या परतीसाठी साहेबांकडे शब्दही टाकून ठेवला. इतका मी मनाचा मोठा.

तो आला नाही, फोटो आले. काळी भुसभुशीत माती, कॉफीच्या ओळींत मधूनमधून संत्र्याची झाडं, आणि हा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून एकेक लाल फळ वेचतोय. हिरवं एकही चालत नाही म्हणे. पहिली तीन वर्षं झाडांना काहीच धरलं नाही, तेव्हा मला जरा बरं वाटलं होतं. चौथ्या वर्षी धरलं. बायको फॅमिली ग्रुपवर बदाम टाकायला लागली. मुलगी म्हणाली, "काका इज लिव्हिंग द ड्रीम, बाबा!" माझ्या फोटोंत एक तर हेल्मेट असतं, नाहीतर बिर्याणी.

या जानेवारीत तो आला. मी विमानतळावर घ्यायला गेलो. उन्हाने रापला होता, पोट गायब. गाडीत त्याने बॅगेतून एक साधं तपकिरी पाकीट काढलं.

"दादा, हे तेवढं सांभाळा. उद्या द पर्ल बेटावरच्या एका कॅफेवाल्याला चाखायला द्यायचंय. आवडलं तर यंदाचं सगळं पीक तोच घेणार. एवढंच भाजून आणलंय."

घरी आल्यावर त्याने ते स्वयंपाकघरात, ऊन लागू नये म्हणून फडताळात ठेवलं आणि जुन्या मित्रांना भेटायला गेला.

त्या संध्याकाळी आमच्याकडे हळदीकुंकू होतं. आता बाहेरदेशाहून आलेल्या पाहुण्याचं पाकीट यजमानाच्या फडताळात सापडलं, तर आपल्याकडे त्याचा एकच अर्थ होतो.

"अहो, भावोजींनी कॉफी आणली वाटतं! बोलले पण नाहीत. किती गुणाचे! बायकांना हीच देते."

त्या 'गुणाचे'ने माझा घात केला. एक शब्द बोलायचा होता, "थांब." मी रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

मिक्सर फिरला. मोठ्या पातेल्यात दूध चढलं, साखर पडली, जायफळ किसलं गेलं. पंधरा-सोळा बायका पिऊन, वाण घेऊन, हसत गेल्या. मग साडू आला.

"भावोजी, तुमची कॉफी काय हिट झाली! रंग येईना म्हणून आपली इन्स्टंट घातली दोन चमचे. पण वास काय सुंदर!"

त्याने ओट्यावरचं रिकामं पाकीट पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी टीव्हीकडे.

"ताई, मला पण द्या की एक कप," तो म्हणाला. सगळा कप संपवला. "मस्त झालीये."

दुसऱ्या दिवशी मीच त्याला द पर्लला सोडलं. नमुना नाही हे तो समक्षच सांगणार होता. दहा मिनिटांत परत आला.

"खलास. याच आठवड्यात ठरवायचंय त्याला. दुसऱ्या कुणाचा नमुना हातात आहे."

मी गाडी सुरूच करेना. म्हटलं, "मला माहीत होतं. मी तिला अडवलं नाही."

"कळलं मला. टीव्हीवर अरबी बातम्या लागल्या होत्या, आणि तुम्ही मान डोलवत होतात."

"तू सहा महिन्यांत परत यायला हवं होतंस रे."

त्याने काच खाली करून बाहेरच्या बोटींकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरं, लागली कशी?"

"मी घेतलीच नाही."

तेव्हा मात्र त्याचा आवाज चढला. "सहा वर्षं घातली मी त्यात, दादा! माझं वाटोळंच करायचं होतं, तर निदान एक घोट तरी घ्यायचा!" श्वास घेऊन म्हणाला, "ताईंना हे तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."

"इन्शाल्ला."

"इन्शाल्ला नाही. आज."

सांगितलं. बायको चार दिवस माझ्याशी बोलली नाही. तो बालीला परतल्यावर त्याच्याशी मात्र रोज तासभर फोनवर बोलायची, आणि कधी नव्हे ते पीक, पाऊस, भाव असं सगळं विचारायची. मी पलीकडच्या खोलीत बसून ऐकत होतो, आणि त्याचाही मला हेवा वाटत होता.