रुपीचं झाकलेलं तोंड

रुपीचा व्हिडिओ मी जव्हार-मोखाड्याच्या शाळाशाळांतून दाखवत फिरते. भलतासलता आळ घेऊन माणसाला वाळीत टाकू नये, हे पोरांना शिकवायचं, ही माझी नोकरी. संस्थेचा प्रोजेक्टर, संस्थेची जीप आणि माझा घसा. पण दर वेळी तो लावताना माझं डोकं फिरतं, कारण रुपीच्या व्हिडिओत रुपीच नाही.

सांगते. सूर्यमाळकडच्या एका पाड्यात शेजाऱ्याचं पोर तापानं गेलं. भगतानं, कुणी केलं म्हणून, तांदूळ टाकून पाहिले आणि रुपीचं नाव घेतलं. झालं, ती भुताळी ठरली, तिनंच पोर खाल्लं. ज्यांची बाळंतपणं तिनं केली त्यांनीच तिला काठ्यांनी झोडपून हाकललं. पोटचा मुलगा, कान्हा, दारात उभा राहून बघत होता. तेव्हापासून ती जामसरला बहिणीकडे राहते, मजुरी करते.

हे सगळं ती कॅमेऱ्यासमोर न अडखळता बोलली. आमच्या साहेबांनी काय करावं? तिच्या सुरक्षेसाठी म्हणे, तिचं तोंड धूसर केलं, पाड्याचं नाव गाळलं, आणि तिची बोली सगळ्यांना कळायची नाही म्हणून वर कुण्या शहरातल्या बाईचा गोड आवाज चढवला. रुपीनं ते पाहिलं आणि मला म्हणाली, "रंजनाबाई, मार त्यांनी दिला न् तोंड मी झाकू?"

मी साहेबांशी भांडले. ते म्हणाले, नियम आहे. पालथ्या घड्यावर पाणी.

यंदा कान्हाच्या बायकोला, कविताला, मुलगा झाला. रुपीनं एकच धोशा लावला, व्हिडिओ माझ्या पाड्यात लाव. बघतील, उमजतील, मग नातवाला एकदा तरी मांडीवर घेऊ देतील. मीही म्हटलं, लावू या. शाळेतली पोरं डोळे पुसतात, मग ही माणसं काय दगडाची आहेत?

भरदुपारी शाळेच्या खोलीला ताडपत्र्या लावून अंधार केला. रुपीला जीपमध्येच बसवलं, आधी त्यांना बघू दे म्हटलं. पाडा झाडून जमला होता. कविता तान्ह्याला घेऊन पुढेच बसलेली. आणि खरं सांगते, बाया रडल्या. पडद्यावरची बाई कुणी ओळखली नाही. भुताळी म्हणून हाकललेल्या बाया या डोंगरात काही एकदोन नाहीत. कविता तर हुंदके देत म्हणाली, "असं कुणी करतं का म्हातारीला? पोटच्या पोरालाही दया आली नाही काय?" कान्हा मात्र मान खाली घालून बसला होता.

मी विचारलं, "या बाईला परत घरात घ्यावं का नको?" भराभर हात वर झाले. मला वाटलं, जिंकलो. मी दार उघडून रुपीला हाक मारली.

ती आत आली तसे हात खाली गेले. बाया भिंतीकडे सरकल्या.

"अहो, हीच ती," मी म्हटलं. "आत्ता जिच्यासाठी रडलात, तीच ही." एकही हात परत वर आला नाही. माझा नुसता संताप संताप झाला.

रुपी माझ्याकडे न बघता सरळ कवितासमोर जाऊन बसली. तिनं दोन्ही हात पुढे केले. कविताचे गाल अजून ओलेच होते. तिनं बाळ पटकन पदराखाली ओढून घेतलं.

रुपीनं हात मागे घेतले नाहीत. म्हणाली, "मला नको देऊ. त्या पडद्यावरच्या बाईला तरी दे."