वाणात गेलेली टोळी

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझ्या बायकोनं अकरा सवाष्णींना अकरा हिंस्र प्राणी लुटले, आणि ते कुठं ठेवलेत हे तिला मीच सांगितलं होतं.

प्राणी माझे. म्हणजे जन्माला कुणीतरी परदेशात घातलेले, पण रंग माझा. मी चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात रंगखात्यात आहे. आमची मुलगी प्राची पुण्याला शिकते. तिथं तिला एका खेळाचा नाद लागला. टेबलावर डोंगर-झाडं मांडायची, दोन बाजूंना दोन टोळ्या उभ्या करायच्या आणि फासे टाकून लढायचं. टोळीतले गडी बोटभर उंचीचे: चिलखत घातलेलं अस्वल, पंखांचा लांडगा, तीन डोळ्यांचं घुबड, पाठीवर किल्ला वाहणारं कासव. हे सगळे बिनरंगाचे, राखेच्या रंगाचे येतात. ‘पप्पा, तुमी रंगवा की’ म्हणून दिवाळीच्या आधी तिनं ते माझ्यासमोर ठेवले आणि मी कामातनं गेलो.

दिवसभर टॉवेल रंगवायचे आणि घरी येऊन अस्वल. दाढीच्या ब्लेडएवढ्या जागेत तीन छटा. ब्रश असा, की त्याला केस आहेत हे विश्वासानं मानायचं. सुवर्णा, म्हणजे माझी बायको, याला विरोध करायची नाही. फक्त पाहुण्यांनी विचारलं, की हे आत काय करतात, तर आवाज खाली आणून सांगायची, “त्यास्नी जरा बरं नसतंय.”

चार महिन्यांत अकरा प्राणी झाले. प्राचीनं पुण्यातल्या एका रंगकामाच्या स्पर्धेत माझं नाव दिलं. अख्खी टोळी एकत्र मांडायची, रविवारी सकाळी अकरा वाजता. मी बुधवारी सगळे प्राणी कापसात गुंडाळून एका खोक्यात भरले आणि खोकं कपाटावर ठेवलं.

गुरुवारी हळदीकुंकू. सुवर्णानं वाणासाठी चहाच्या गाळण्या आणल्या होत्या. त्याही खोक्यात, त्याही कपाटावर, पण दुसऱ्या खोलीतल्या. बाहेर बायकांची गर्दी, तिळगुळाचा वास, आणि मी आत दार लोटून सरावाच्या एका सशाची पापणी रंगवतोय. पापणी रंगवताना श्वास धरावा लागतो (न धरला तर ससा डोळा मारतोय असं दिसतं). नेमकं तेव्हा सुवर्णानं दाराशी येऊन विचारलं, खोकं कुटं ठेवलंय म्हणून. माझ्याकडं एकाच वाक्यापुरता श्वास होता. तो मी “कपाटावर हाय की” यात घालवला. ती ज्या कपाटापाशी उभी होती, ते माझं.

बायका गेल्यावर ती आत आली आणि कॉटवर बसली. डोळे ओले होते. मला वाटलं कुणाचं तरी काही बिनसलं.

“चोवीस वर्षं झाली लग्नाला,” ती म्हणाली. “मला न सांगता, माझ्या वाणासाठी तुमी येवढं करत बसला होता. माळगे वैनी म्हनल्या, असलं वाण अख्ख्या कॉलनीत कुनी दिलं न्हाय. गाळण्या आता पुढच्या वर्षी देऊ.”

मी कपाटाकडं पाहिलं. कापूस तेवढा राहिला होता.

खरं तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. पण त्या संध्याकाळी तिनं न सांगता शेंगापोळ्या केल्या, वर तुपाची धार. मी तीन खाल्ल्या. तिसऱ्या शेंगापोळीनंतर माणसाच्या तोंडातनं खरं बाहेर पडायला जागाच राहत नाही.

शुक्रवारी कामावरनं आल्यावर मी गाळण्या पिशवीत घातल्या आणि निघालो. बेत सोपा होता: वाण बदलून देतोय, जुन्यात जरा खोट निघाली, असं म्हणायचं, गाळणी द्यायची, प्राणी घ्यायचा.

पहिलं घर माळग्यांचं. माळग्यांनी अस्वल स्कूटरच्या हेडलाइटवर चिकटवलं होतं, रस्त्याकडं तोंड करून. त्यांचं म्हणणं, दोन वर्षं रुसलेली स्कूटर अस्वल बसवल्यापासून पहिल्या किकला चालू होते. त्यांनी मला करून दाखवलं. झाली. त्यांनी गाळणी ठेवून घेतली आणि अस्वलही.

शेखभाभींकडं लांडगा माशांच्या काचपेटीत तळाला उभा होता. मी म्हटलं, भाभी, हा पाण्यातला नाही. त्या म्हणाल्या, “भाई, मछल्यां उसकेच बाजू घुमते देखो.” खरंच फिरत होत्या. (रंग जरासुद्धा सुटला नव्हता. त्या दुःखातही मला आतून बरं वाटलं.) गाळणी त्यांनीही घेतली.

तिसरं घर यन्नमकाकूंचं. काका पूर्वी चादरीच्या नक्षीचे नमुने काढायचे, आता डोळ्यांवर जाड भिंग आणि हातात भरपूर वेळ. मी गेलो तेव्हा माझं कासव त्यांच्या चिमटीत होतं आणि ते त्याच्या पाठीवर ब्रश फिरवत होते. मला म्हणाले, किल्ल्याचं काम बरं आहे, पण खालचं कवच अगदीच मोकळं सोडलंय, तिथं चादरीची चौकट घातली की भरून येईल. मी खुर्चीत बसलो. काकूंनी पाणी आणून दिलं आणि पिशवीतली गाळणी स्वतःच काढून घेतली.

आणखी दोन घरं फिरलो. पाच गाळण्या गेल्या, प्राणी एकही आला नाही.

शनिवारी सुवर्णा भाजी आणायला गेली आणि रिकाम्या पिशवीनं परत आली. बाजारात तिला माळगे वैनी भेटल्या होत्या. तुमचे ‘हे’ वाण परत मागत का फिरतात, असं त्यांनी चारचौघीत विचारलं होतं. दिलेलं वाण परत मागणं म्हणजे काय, हे ज्याला कळत नाही त्यानं आमच्या कॉलनीत राहून दाखवावं.

मी सगळं सांगितलं. खोकं, श्वास, ससा, स्पर्धा.

“म्हंजे ते माझ्यासाठी नव्हतंच,” ती म्हणाली.

“न्हाय,” मी म्हणालो. त्या तीन दिवसांत मी जेवढं खरं बोललो, त्यातलं हे सगळ्यात छोटं वाक्य, आणि तेच सगळ्यात जड गेलं.

तिनं गॅसची शेगडी पुसून घेतली. मग विचारलं, उद्या किती वाजता हाय ते. अकराला, मी सांगितलं. तिनं पायात चपला सरकवल्या आणि निघून गेली. मला वाटलं, माहेरी. नातेपुत्याची गाडी किती वाजता असते ते मी मनात आठवूनही पाहिलं.

दोन तासांनी परत आली ती घामाघूम, पण चेहऱ्यावर हळदीकुंकवाच्या दिवशीचं तेज.

“गाडी सांगितली,” ती म्हणाली. “वाण परत मागायचं नसतंय. जिचं तिनं घेऊन यायचं.”

रविवारी पहाटे सतरा सीटची गाडी कॉलनीत आली आणि अकरा बायका काठापदराच्या साड्या नेसून, आपापला प्राणी सांभाळत चढल्या. मला मागं डब्यांच्या बाजूला जागा मिळाली. टेंभुर्णीला चहाला थांबलो तेव्हा हॉटेलातल्या टेबलावर अकरा प्राणी ओळीनं उभे राहिले आणि कुणाचा जास्त देखणा यावरनं पहिलं भांडण झालं.

पुण्यातल्या त्या हॉलमध्ये काळ्या टी-शर्टांतली पोरं माना खाली घालून, एकमेकांशी कुजबुजत उभी होती. दारातनं आमची वरात आत शिरली तशी कुजबुज थांबली. प्राची धावत आली, तिनं मोजलं आणि कपाळाला हात लावला. शेखभाभींनी लांडगा बरणीतल्या पाण्यातच आणला होता. अस्वल तर निघेनाच, म्हणून माळग्यांनी हेडलाइटवरची निळी पत्र्याची टोपी उचकटून दिली होती. ते एकटं त्या निळ्या टोपीवर, डोंगराच्या कड्यावर असावं तसं उभं होतं.

परीक्षक एक बारीक तरुण होता, कपाळावर भिंग बांधलेला. तो आमच्या टेबलापाशी आला आणि हललाच नाही. लांडग्याच्या पायाला धरलेलं हिरवं शेवाळ कुठल्या रंगानं केलं, त्यानं मला विचारलं. मी तोंड उघडायच्या आत शेखभाभींनी सांगितलं, मछल्यांनी. अस्वलाच्या अंगावरची रस्त्याची धूळ त्यानं दोनदा बघितली. कासवाच्या कवचावरच्या नक्षीपुढं तर तो गुडघ्यावर बसला. इतकी सरळ रेघ हातानं कशी येते, असं त्यानं हळूच विचारलं. “आमच्या यांचं आहे ते,” यन्नमकाकू म्हणाल्या. “चाळीस वर्षं चादर काढली ना.” मग एकेकीनं आपापल्या प्राण्याची गोष्ट सांगितली. प्रत्येकाला नाव होतं, स्वभाव होता. चार महिने त्यांच्याबरोबर काढून मला ते माहीत नव्हतं.

टोळीच्या गटात पहिलं बक्षीस आम्हाला. नाव पुकारलं तेव्हा हॉलमधल्या पोरांनी एवढा गलका केला, की माळगे वैनींनी दचकून अस्वल छातीशी धरलं. सुवर्णा पुढं, मागं अकरा जणी, मधे प्राची. ढाल सुवर्णानं घेतली, आणि तिथनं, गर्दीतनं, माझ्याकडं बघून अशी हसली की मला चोवीस वर्षांची सगळी वाणं एकदम मिळाली.

स्टेजवर आता पाय ठेवायला जागा नव्हती. कलाकार कोण, असं आयोजकांनी विचारलं, तर बाराही जणींनी हात वर केले. म्हणून मी खालीच थांबलो आणि फोटो काढला. आता तो मोठा करून आमच्या बाहेरच्या खोलीत लावलाय. सगळ्या जणी छान आल्यात, ढाल चमकतेय, आणि डाव्या कोपऱ्यात गुलाबी, धूसर असं जे काही दिसतं, ते माझं बोट.