मान हलली म्हणून

मेंदूचे नकाशे काढणाऱ्या डॉक्टरांइतका गर्विष्ठ प्राणी मी अजून पाहिलेला नाही. आणि मी गणिताची प्राध्यापक आहे, म्हणजे माझा सगळा जन्म गर्विष्ठांतच गेलाय.

हे डॉक्टरसाहेब धुळ्याचे. मी जळगावला कॉलेजात शिकवते, विषय टोपॉलॉजी. वस्तू कितीही ताणा, दाबा, तिच्यात तुकडे किती आणि भोकं किती हे बदलत नाही. ते ओळखायचं, एवढंच आमचं काम. साहेबांना स्कॅनमधून एकेका माणसाच्या मेंदूचा नकाशा हवा होता, म्हणून त्यांनी मला बोलावलं. माणूस यंत्रात पडून गोष्ट ऐकतो. दर क्षणी मेंदूचा कुठला भाग किती कामाला लागलाय ते यंत्र टिपतं. एक क्षण म्हणजे एक ठिपका. सारखे क्षण जवळ, वेगळे लांब. जवळचे ठिपके जोडले की आकार उभा राहतो, कुठं फाटा, कुठं कडं. एकाचा आकार दुसऱ्यासारखा नसतो, हीच तर त्यातली गंमत.

आणि साहेबांनी काय केलं? सगळ्यांचे आकार एकत्र करून सरासरी काढली आणि तिला ‘खान्देशी मेंदू’ म्हणत परिषदांत मिरवायला लागले. कपाळ माझं! दहा शेतांतली वांगी एकत्र ठेचल्यावर भरीत छान होतं, पण त्यात कुठलं वांगं कोणाचं ते विचारू नये. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते हसून म्हणाले, "मॅडम, तुम्ही गणितवाले फार हळवे." मी हळवी! मी घरात ज्याला त्याला चावत सुटते हे त्यांना कोणी सांगितलं नसावं.

आई तेव्हा चोपड्याला भावाकडे अंथरुणावर होती. अर्धांगाच्या झटक्यानं तिची वाचा गेली होती. डोळे उघडे, पण छताला लागलेले. हात दाबला तर दाबायची नाही. भाऊ तिच्या उशाशी बसून, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणायचा, "मायले काही समजत नही. तिले आश्रममा ठेवनं बरं. आपला बी जीव सुटी."

"अरे, हळू बोल," मी म्हणायचे.

"कोणाले ऐकू जाई?"

नशिराबादच्या पुढं हायवेला लागून एक वृद्धाश्रम आहे, तिथं त्यानं बोलणंही करून ठेवलं होतं. मी भांडले तेव्हा म्हणाला, "तुझं ते यंत्र काय सांगतं बघ. त्यात काही दिसलं तर राहू देतो, नाहीतर मला पुन्हा सांगायला यायचं नाही." शहाणाच तो. मेंदू म्हणजे केळीचा घड, वाकून बघितला की पिकलाय का कच्चा ते कळतं.

तरी आईला धुळ्याला नेलं. यंत्रात ऐकवायला मी माझ्याच आवाजात कोल्ह्याची गोष्ट अहिराणीत भरली होती. आईनंच लहानपणी सांगितलेली. साहेबांनी सगळं पाहून निकाल दिला, "आजींची मान सतत हलतेय. मान हलली की तो क्षण बाद करतो आम्ही. बाद केल्यावर उरलेल्यात काहीच आकार नाही. मन घट्ट करा." आणि आईचा नकाशा त्यांनी प्रकल्पातून काढून टाकला. सरासरी बिघडते म्हणे!

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी बाद केलेले क्षण मागून घेतले आणि घरी एकटीनं मांडले. त्यात एक कडं होतं, अगदी स्वच्छ. निघायचं, फिरायचं, परत जागेवर यायचं. क्षणभर मला वाटलं, सापडली आई! मग पाहिलं, तर साहेब बरोबर होते. ते कडं मेंदूचं नव्हतंच. मानेचं होतं. मान खाली जात होती आणि वर येत होती. शिव्या माझ्या ओठांवर आल्या, पण द्यायच्या कोणाला?

उगाच म्हणून मी ते हलणं गोष्टीच्या आवाजाशेजारी ठेवलं. वाक्य संपलं की मान हलत होती. वाक्याच्या मध्ये मी जिथं श्वासाला थांबले होते, तिथं स्तब्ध. पुढचं वाक्य संपलं की पुन्हा हलली.

आमच्याकडे गोष्ट ऐकणाऱ्यानं हुंकारा द्यायचा असतो. दर वाक्याला ‘हूं’. तो थांबला की आई गोष्ट बंद करून कूस बदलायची, मग कितीही रडा. तोंडातून ‘हूं’ निघत नव्हता म्हणून ती मानेनं देत होती. डोळ्यांना दिसणार नाही इतका, पण एकही न चुकवता. आणि त्या दीडशहाण्यानं नेमका तोच कचरा म्हणून फेकला होता.

मी चोपडा गाठलं. भावाला कागद दाखवले नाहीत, त्याला ते कळले नसते आणि कळल्याचं सोंग त्यानं नक्की आणलं असतं. त्याचा हात धरून आईच्या मानेखाली सरकवला.

"आता बोल. रोज बोलतोस तेच."

"काय खूळ शे हाई?"

"बोल म्हणते ना!"

"मायले काही समजत नही," तो नेहमीच्या आवाजात म्हणाला. मग तो आपल्या हाताकडे पाहायला लागला.

"पुढं?"

"तिले आश्रममा ठेवनं बरं." हे त्यानं हळू म्हटलं. त्याचा चेहरा उतरत गेला. रोज, उशाशी बसून, त्याच्या एकेका वाक्याला तिनं काय दिलं होतं ते त्याच्या तळव्याला आता कळलं होतं.

"आपला बी जीव..." एवढं म्हणून तो अडकला.

मीही आईच्या मानेला बोटं लावून होते. ती हलली नाही. वाक्य अजून संपलं नव्हतं, आणि आई वाट बघत होती.

भावानं ते वाक्य पुरं केलं नाही.