मधला तुकडा

जगातल्या कोणत्याही दोन वस्तू मुळात एकच आहेत, फक्त मधला तुकडा सापडायला हवा, अशी माझ्या साडूंची श्रद्धा आहे. जीव आणि शिव यांच्याबद्दल असं म्हणणारे थोर लोक आपल्याकडे होऊन गेले, पण त्यांच्यावर प्रात्यक्षिक दाखवण्याची वेळ आली नाही. माझ्या साडूंनी नंदुरबारच्या आपल्या घरात धुण्याचं यंत्र सायकलच्या ट्यूबने स्वयंपाकघरातल्या नळाला जोडलं, आणि त्या अद्वैताचं पाणी शेजाऱ्यांच्या ओट्यापर्यंत गेलं.

निवृत्त होईपर्यंत ते एका सरकारी कचेरीत भांडारपाल होते. कचेरीतून घरी त्यांनी एक वस्तू आणली नाही, पण तिथली वृत्ती मात्र सगळी आणली. त्यांच्या माळ्यावर मोडक्या कूलरची जाळी, निरनिराळ्या पिनांचे प्लग, बंद पडलेल्या मिक्सरच्या मोटारी आणि कशाची ते त्यांनाही आठवत नाही अशी झाकणं आहेत. त्यांच्या चष्म्याची डावी दांडी सासऱ्यांच्या चष्म्याची आहे. बैठकीतला दिवा लावायचा तर आधी स्वयंपाकघरातलं एक बटण दाबावं लागतं, आणि ते दाबताना फ्रिजला हात लावायचा नसतो. का, असं पाहुण्याने विचारलं तर साडू मोठ्या समाधानाने सांगतात, "लावी दखा." एवढ्यावर पाहुणा विचारायचा थांबतो. माणसांच्या बाबतीतही त्यांचं हेच. माझं लग्न त्यांनीच जुळवलं. मुलीला पुस्तकांचा कंटाळा, मुलाला माणसांचा. दोन्ही घरांनी एकमेकांना नकार कळवून झाला होता. "मधमा मी शे ना," असं म्हणून साडू दोन्ही घरांच्या मधे जाऊन बसले. ते अजून उठलेले नाहीत.

त्यांची मुलगी, म्हणजे आमची भाची, लग्न होऊन कॅनडात गेली. यंदा तिला मुलगी झाली. तिकडे रविवारी सकाळी बारसं ठरलं, म्हणजे इकडे संध्याकाळी. प्रश्न साडूंच्या बायकोचा होता. माझी ही थोरली मेहुणी, आम्ही तिला ताई म्हणतो, तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय आणि दुसऱ्याचा भरवसा नाही. मोबाइल नाकाला लावला तरी तिला नात कणकेच्या गोळ्याएवढी दिसे. नाक कोणावर गेलंय हे ती प्रत्येकाला विचारायची आणि प्रत्येक जण आपापल्या घराण्याचं नाव सांगायचा. एकदा मोठ्या पडद्यावर ते तोंड नीट बघायचं, एवढंच तिचं मागणं होतं. जावयांनी ते ओळखून तळहातावर मावेल एवढा नवा कॉम्प्युटर पाठवला. पडदा तेवढा तुमचा घ्या, असं कळवलं. मी म्हटलं, पडदा मी आणतो, बाळाला माझ्याकडून भेट समजा.

साडूंनी माझ्याकडे मी हुंडा मागितल्यासारखं पाहिलं. "पडदा शे ना घरमा. बिघडनं नही ते टाकानं कसं?"

घरात होता तो पडदा म्हणजे मागे भलं मोठं कुबड असलेला, काचेचा, जुना मॉनिटर. समोरच्या शेठजींनी तो कधीतरी भंगारात काढला होता आणि साडूंनी भंगारवाल्याच्या हातगाडीवरून उतरवून घेतला होता. शेठजींचं घराणं तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलं. आता ते आमच्यापेक्षा बरी अहिराणी बोलतात आणि मिरचीचा व्यापार करतात. गावाबाहेर पथारीवर, जिथे मैदानभर लाल मिरची वाळत पडलेली असते, तिथल्या त्यांच्या पत्र्याच्या कचेरीत या मॉनिटरने उमेदीची वर्षं काढली होती. त्याच्या वायरच्या निळ्या फणीला पंधरा पिना. नव्या कॉम्प्युटरला नुसती चपटी फट. दोघांची तोंडओळखही होण्यासारखी नव्हती. साडू खुलले.

स्टेशनरोडवरून त्यांनी पहिला तुकडा आणला. तो दोन्हीकडून बरोबर बसला आणि पडदा काळाच राहिला. तुकडा घेऊन आम्ही परत दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "हाऊ एकतर्फी शे, नाना. जुना कॉम्प्युटरनं चित्र नवा टीव्हीवर लई जास. नवानं जुनावर नही येस."

"कसं काय नही येस?" साडूंनी काउंटरवर टेकून विचारलं. "गाडी सुरतले जास, तीच भुसावळले येस. रूळ तेच शेतस. मंग वायरमा काय शे?"

दुकानदाराने दुसरा तुकडा काउंटरवर ठेवला. मी तो खिशात टाकला; साडूंशी वाद घालताना आपलंच तर्कशास्त्र डळमळतं असा अनुभव आहे. दुसरा तुकडा योग्य दिशेचा निघाला, पण त्याला लावायच्या वायरचं तोंड उलट जातीचं होतं, म्हणून त्या दोघांच्या मधे तिसरा आला. घरी ताई हरभरे निवडत बसली होती, बारशाच्या घुगऱ्यांसाठी. आमच्या हातातलं लटांबर पाहून ती मला म्हणाली, "तुमना साडूले सांगा, मन्हा डोळानं ऑपरेशन पयले व्हई, यास्नी वायर मंग जुडी."

वायर जुडली. शनिवारी पडद्यावर उजेडही आला आणि त्यात एक चौकट इकडून तिकडे तरंगू लागली: आउट ऑफ रेंज. नव्याचं चित्र इतकं बारीक होतं की जुन्याला ते पेलवत नव्हतं. चित्र जाड करायचं तर कॉम्प्युटरमध्ये जाऊन तसं सांगावं लागतं, आणि सांगायला जायचं तर आधी चित्र दिसावं लागतं. मोक्षाच्या मार्गातही हीच अडचण असल्याचं मी वाचलं आहे. शेवटी असं निघालं की कॉम्प्युटरच्या त्या डब्याला मागे तशा दोन फटी आहेत; एका फटीत एखादा नवा टीव्ही लावला, तर त्याच्यात बघून या म्हाताऱ्याला समजावता येईल. नवा टीव्ही शेठजींकडे होता, भिंतभर. तो भिंतीवरून काढणं शक्य नव्हतं. म्हणून रविवारी दुपारी आम्ही दोघांनी तो मॉनिटर उचलून गल्ली ओलांडली. मी पुढे, कुबड माझ्या छातीवर.

शेठजींनी दार उघडलं. त्यांनी मॉनिटर ओळखला. "फिरी उना का घर?" एवढंच म्हणाले.

डबा त्यांच्या टीव्हीला लावल्याबरोबर कॅनडा दिसलं. भाची रंगीत तालमीसाठी फोन लावून बसलीच होती. पाळण्याची झालर दिसली, जावयाच्या सदऱ्यावरची इस्त्रीची घडी दिसली, मूल आडवं होतं तरी त्याची जावळं मोजता आली असती. शेठजी म्हणाले, "नाना, आठेच बसा ना. वहिनीस्ले बलाई ल्या. चहा बी आठेच."

मी साडूंकडे आशेने पाहिलं. ते खाली वाकून जुन्या मॉनिटरचं चित्र जाड करत होते. ते झालं, जुन्यावरही पुसट कॅनडा उगवलं, आणि त्यांनी टीव्हीची वायर उपटली.

"दुसराना घरमा बारसं व्हस का?" ते म्हणाले. "उचला."

मी चिडलो होतो, पण उचललं. घरी पोचलो आणि माझी चीड जरा उताराला लागली. ताईने बैठकीत पाळणा टांगला होता. आत वरवंटा ठेवलेला, कोऱ्या कापडात गुंडाळून, काजळाची तीट लावून. पाळण्यासमोर मॉनिटरपुरती जागा रिकामी होती. शेठजीही मागोमाग आले. जुना माल तापू नये म्हणून साडूंनी त्याच्या कुबडामागे टेबलफॅन लावला, आणि बरोबर वेळेवर चित्र आलं. थोडं पिवळं, कडेला वाकलेलं, पण पडदाभर एकच तोंड. ताई खुर्ची ओढत ओढत काचेपासून वीतभर अंतरावर गेली. आवाज मात्र आला नाही. त्या तुकड्यांतून आवाज येत नाही हे आम्हाला तेव्हा कळलं. मग भाचीने साध्या फोनवर फोन केला.

"मम्मी, तुम्ही दिसत नाही. कॅमेरा कुठे आहे?"

कॅमेरा नव्हता. त्या मॉनिटरच्या तरुणपणी तशी पद्धत नव्हती. दुकानदार म्हणाला होता तसं, सगळं एकतर्फी होतं. तिकडचं इकडे येत होतं, इकडचं तिकडे जात नव्हतं.

"मले पोर दखास ना," ताई म्हणाली. "नाक तुन्हा बापनं शे." आणि हाताने पाळण्याची दोरी ओढत तिने फोनमध्ये पाळणा म्हणायला सुरुवात केली.

साडूंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. सासऱ्यांच्या निधनाच्या वेळीही मी हे पाहिलेलं नव्हतं. शेठजींनी डोळे टिपले. माझेही डोळे भरून आले, आणि समारंभात न रडण्याची माझी आजवरची कीर्ती संपली. मधला तुकडा सापडतो, हे मला त्या क्षणी मान्य झालं. तेवढ्यात शेठजींनी नाक वर करून हवा हुंगली. "नाना," ते हळूच म्हणाले, "माल आपला शे."

टेबलफॅन कुबडाच्या जाळीतून पथारीवरचे सगळे हंगाम आमच्या तोंडावर फेकत होता.

"पप्पा, रडता का तुम्ही?" फोनमधून भाचीने विचारलं.

"मिरची शे, बेटा."

"हो, मिरची," भाची म्हणाली, आणि तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

खोलीत एकट्या ताईचे डोळे कोरडे होते. तिने पहिल्या झुळुकीलाच पदर नाकाशी धरला होता आणि त्यातून पाळणा चालू ठेवला होता. तिला बघायचं होतं.

आता दर रविवारी संध्याकाळी मॉनिटर लागतो. आपला बाप म्हातारपणी हळवा झालाय असं भाचीने माझ्या बायकोला कळवलंय, आणि तिचा हा समज साडूंनी खोडून काढलेला नाही. माळ्यावरचा व्हॅक्यूम क्लीनर काढून जाळी साफ करू, असं मी एकदा सुचवून पाहिलं. ते म्हणाले, त्याची मोटार कूलरला लावली आहे. फॅनशेजारी आता धुतलेल्या रुमालांची चळत असते. पाहुण्यांना दोन-दोन देतात.